दोन अक्षरांची तारा

काटकसर हा शब्द कुणी माझ्यासमोर गोड आवाजात काढला की माझं डोकं फिरतं. परवा आमच्या सूनबाईंनी कुठल्याशा मासिकातला लेख वाचून दाखवला. नव्या संसारात पैसे कसे वाचवावेत, असा विषय. उरलेल्या भाताचं काय करावं, जुन्या चादरींच्या पिशव्या कशा शिवाव्यात, पहिल्या तारखेलाच थोडी रक्कम बाजूला कशी काढावी. सगळा उपदेश बाईला. बाप्यासाठी एक ओळ नाही. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाचवलेल्या पैशावर नाव कुणाचं, ते लिहिलंय का त्यात?" ती गोंधळली. म्हणाली, "बाबा, यात चिडण्यासारखं काय आहे?"

काय आहे ते सांगतो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, त्याही सांगेन. पण माझा राग इतक्या वर्षांनीही उतरलेला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

माझा धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. आता हे काम विजेच्या पेनाने होतं, घर्र करून दोन मिनिटांत. मी सुरुवात केली तेव्हा बोटभर लांबीची पोलादी छिन्नी आणि एक हलकी हातोडी एवढंच हत्यार होतं. भांडं मांडीत धरायचं, आतून लाकडाचा ठोकळा लावायचा, आणि ठिपक्याला ठिपका जोडत अक्षर उठवायचं. पितळ समजूतदार. ठोका माराल तेवढंच दबतं. तांबं मऊ, लाडावलेलं. स्टील मात्र उर्मट. छिन्नी घसरली की भांड्यावर ओरखडा आणि आपल्या अंगठ्यातून रक्त.

वडूजच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर माझी बैठक होती. ओटा शेठजींचा, म्हणून माझ्या कमाईतला काही हिस्सा त्यांचा. मी नुकता लग्न झालेला, एक पोर पदरात, बाजारामागच्या गल्लीत एक खोली भाड्याने. माझी बायको सुलभा रॉकेल वाचावं म्हणून डाळ आदल्या रात्री भिजत घालायची आणि सकाळी तीच आंघोळीच्या पाण्याच्या चुलीवर शिजवून घ्यायची. तांदळाच्या डब्याच्या तळाशी एका चिंधीत ती काहीतरी बांधून ठेवायची. मला ते ठाऊक होतं, मी कधी विचारलं नाही. बरं केलं असं आज वाटतं.

नावाचा दर अक्षराला पाच पैसे. काना, मात्रा, वेलांटी फुकट. जोडाक्षराला दुप्पट. भांडणं सगळी या जोडाक्षरावरून. लक्ष्मी नावाच्या बायकांनी मला जेवढे शब्द सुनावले तेवढे माझ्या सख्ख्या आईने सुनावले नसतील. "दोन अक्षरांचं नाव, आन् पैसं तिनाचं मागतोस व्हय रं?" एक जण भाचीच्या लग्नात द्यायला पातेलं घेऊन आला. 'मामाकडून सप्रेम भेट' असं मी कागदावर लिहून दाखवलं. त्याने बोटावर अक्षरं मोजली आणि म्हणाला, "प्रेम काढा. भेट राहू द्या." सुट्टीवर आलेला एक फौजी मात्र नाव घालूच देईना. त्याला पलटणीतला नंबर हवा होता. "वाडीत माझ्या नावाचं तिघं हायती गड्या. नंबर माझा एकट्याचा हाय." त्याच्या घरातली सगळी भांडी कवायतीला उभी असल्यासारखी दिसत असणार.

तर माणसं अक्षरांत काटकसर करायची. त्यात माझी काही तक्रार नव्हती, मीही तसाच संसार करत होतो. पण अक्षरं कमी करायची वेळ आली की पहिली कुणाची जायची? आधी 'सौ.' जायचं. मग बाईचं नाव जायचं. नवऱ्याचं नाव आणि आडनाव राहायचं. हंडा तिने डोक्यावर वाहायचा, घासायचा तिने, कितीदा तर पैसाही तिने जमवलेला, आणि त्यावर नाव नवऱ्याचं, नाहीतर सासऱ्याचं. मी छिन्नी धरून हे रोज ठोकत होतो. पाच पैसे वाचवायला बाई खोडणारी ही माणसं घरी जाऊन तिलाच काटकसर शिकवत होती.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं वर्ष असेल. एक तरुण बाई पितळेची कळशी घेऊन ओट्यासमोर उभी राहिली. जवळच्याच एका वाडीची. कळशी आमच्याच दुकानातली, शेठजींकडून नुकती घेतलेली.

"नाव घालायचंय. तारा."

"आडनाव?"

"नगं. दोनच अक्षरं घाला."

घातली. काही महिन्यांनी ती परात घेऊन आली. तारा. मग पातेलं. तारा. मग तांब्या. दरवेळी दोनच अक्षरं. पैसे पदराच्या गाठीतून सुटे निघायचे. एकदा दुसरी एक बाई बाजारातून जाता जाता तिला हाक मारून गेली, "मालन, हितं काय करतीस गं?" मी चमकून वर पाहिलं. ती हसली.

"सासरचं नाव मालन, दादा. तारा म्हायेरचं."

वाचकांतल्या तरुण मंडळींसाठी सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, त्यात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी हसायचं, पेढे वाटायचे. जन्मापासून ज्या नावाला ती ओ देत आली ते त्या दिवशी संपलं. याला आम्ही हौस म्हणतो.

मालनचा नवरा सदाशिव इस्लामपूरच्या बाजूला साखर कारखान्यात हंगामी कामाला. तो पगार थोरल्या भावाकडे पाठवायचा. हा थोरला, भगवान जाधव, घराचा कारभारी. दुष्काळी कामावर मालनने खडी फोडली. हजेरीपत्रकावर नाव तिचं, पैसे दिराच्या हातात. मग ही बाई काय करायची, तर दुपारी गावातल्या बायकांना वाकळा शिवून द्यायची. जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोऱ्याने शिवलेली जाड गोधडी म्हणजे वाकळ. त्याचे पैसे बायका बायकांतच परस्पर द्यायच्या, बाप्यांच्या कानावर जायचे नाहीत. रोकड घरात ठेवली तर मागितली जाते. म्हणून पैसे साठले की ती भांडं घ्यायची आणि घरी सांगायची, माहेरहून आलं. माहेरचं म्हणून त्यावर माहेरचं नाव. सासू-दिराला हे पटायचं, कारण माहेरहून येणाऱ्या वस्तूला आमच्याकडे कुणी नको म्हणत नाही.

हे सगळं तिने मला एकदाच सांगितलं, पातेल्यावर ठोके पडत असताना. "मालन मिळवती ती समदं घरात जातंय, दादा. तारानं मिळवल्यालं तेवढं तरी राह्यलं पायजे." तिला इस्लामपूरला नवऱ्याजवळ वेगळी चूल मांडायची होती. मुलगी शाळेत घालायच्या वयाची होत आली होती. वेगळं व्हायचं तर हातात भांडी हवीत, एवढा साधा हिशेब.

सुलभाला मी हे घरी सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "माझं माहेरचं नाव आठवतंय का तुम्हाला?" मला आठवायला थोडा वेळ लागला. 

पुढे मालनची सासू वारली आणि भावांची वाटणी झाली. पंच म्हणून भावकीतले चौघे बसले. चुली दोन झाल्या. सदाशिवाला एक पत्र्याची पेटी, दोन ताटं, एक फुटका तवा मिळाला. मालन आपली भांडी उचलायला गेली तेव्हा दिराने हात आडवा घातला.

"कुणाची भांडी?"

"माझी हायती. म्हायेरची."

"ह्यावर तारा हाय. आमच्या घरात तारा नावाचं कुणी न्हाई. जिची असतील ती यील आन् घिऊन जाईल. तवर हितंच राहतील."

हे तो पंचांसमोर बोलला. लग्नाच्या ताटात तांदूळ पसरले होते तेव्हा हा माणूस शेजारीच उभा होता. तारा कोण ते त्याला ठाऊक होतं, पंचांनाही ठाऊक होतं. पण नुसतं तारा? ना आडनाव, ना गाव. अशी तारा कुणीही असेल, असं पंच म्हणाले आणि त्यांनी तंबाखू मळायला घेतली. तिचे वडील गेलेले होते, भाऊ पोट भरायला लांब कुठे गेलेला. माहेरहून बोलायला येणारं कुणी नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी पायी वडूजला आली. मला म्हणाली, "दादा, तुमी नाव घातलंया. तुमी येऊन सांगा, तारा म्हंजे मीच." शेठजी आतून म्हणाले, गिऱ्हाइकाच्या घरात शिरायचं नसतं. मी सुट्टीच्या दिवशी सायकल काढली.

भगवानने मला ओसरीवर बसवलं, चहा पाजला. पंचांपैकी दोघे तिथेच होते. मी म्हणालो, "तारा म्हणजे याच बाई. प्रत्येक भांडं यांनीच माझ्याकडे आणलं."

तो शांतपणे म्हणाला, "बरं. पैसं कुणाचं हुतं?"

मी दारात उभ्या असलेल्या मालनकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिने कमावलेले, असं म्हणावं तर एकत्र घरातली कमाई घराची, म्हणजे दिराची. माहेरचे, असं म्हणावं तर मी काही पाहिलेलं नाही. सरळ दिसणारा प्रश्न, पण दोन्ही बाजूंनी बाईच अडकत होती. मी म्हणालो, ते मला कसं ठाऊक असणार.

"मग झालं की," भगवान म्हणाला. "नाववाले, तुमी नावं घालता, तेवढं घाला. आमच्या घराला नावं ठिवू नगा."

पंच हसले. सदाशिव खांबाला टेकून उभा होता. तो बायकोला म्हणाला, "जाऊ दे की आता. भांडीच हायती." भगवानचा मला राग आलाच, पण या मऊ माणसाचा जास्त आला. भांडीच आहेत म्हणे. तिच्या इतक्या वर्षांच्या दुपारी होत्या त्यात. उन्हात बसून टोचून घेतलेली बोटं होती. नवरा बायको आणि मुलगी पत्र्याची पेटी घेऊन इस्लामपूरला गेली. तिथे पहिले काही दिवस शेजारणीच्या पातेल्यात भात शिजत होता, हे मला नंतर कळलं.

थोड्याच महिन्यांत भगवान जाधव बैलगाडीत भांडी घालून आमच्या ओट्यापुढे हजर. कळशी, परात, पातेलं, तांब्या. पोरीचं लग्न काढलं होतं त्याने.

"ह्यावरलं तारा खोडा आन् माझं नाव घाला. भगवान जाधव."

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. घातलेलं नाव खोडता येत नाही. तांदळातलं नाव हाताने पुसलं जातं, पितळेतलं जात नाही. घासून काढावं तर पत्रा पातळ होतो, ठोकून सपाट करावं तर तिथे कायमचा वण राहतो. मी त्याला हे खरं तेच सांगितलं. मग म्हणालो, "खोडत नाही. झाकून टाकतो. तुमचं नाव असं ओळीत बसवतो की तारा एकटी दिसणार नाही."

"जास्ती पैसं पडतील?"

"पैसे तुमच्या नावाचेच. बाकीची अक्षरं माझ्याकडून."

त्याचा चेहरा खुलला. या माणसाला सही करता येत होती, वाचता येत नव्हतं. आपल्या नावाची सात अक्षरं तेवढी तो आकाराने ओळखायचा. मी कामाला बसलो. इतक्या निगुतीने मी आयुष्यात दुसरं काम केलं नाही. 'तारा'च्या मागे चार अक्षरं, पुढे उरलेली, सगळ्यावर एकच सरळ रेघ. तयार झाल्यावर त्याने बोट फिरवून आपलं नाव शोधलं, ते सापडलं, अक्षरं भरपूर दिसली, तो खूश झाला. चारही भांड्यांवर एकच मजकूर होता:

'भावजय तारा हिजकडून भगवान जाधव यांस भेट.'

आमच्या घरात तारा नाही म्हणणाऱ्याने तारा आपली भावजय असल्याचं स्वतःच्या पैशाने कोरून घेतलं होतं. 'सप्रेम' मात्र मी घातलं नाही.

पुढचं मला गिऱ्हाइकांकडून कळलं. लग्नाच्या पंगतीत परात फिरत होती. वरपक्षातल्या एका चष्मेवाल्या पाहुण्याने वाढप्याला थांबवून मोठ्याने वाचलं आणि सरळ मनाने विचारलं, "भगवानराव, भावजयीनं लय मोठी भेट दिली की. त्या कुठं हायेत? दिसल्या न्हाईत." गावातल्या पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. त्यानंतर ती भांडी भगवानला घरात ठेवता येईनात, कारण येणारा जाणारा वाचायचा. मोडीत घालावी, तर मोडवाला वजन करायच्या आधी वाचायचा.

तो ओट्यावर येऊन मला काय काय बोलला ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. शेठजींनी त्याला आत नेऊन पाणी दिलं आणि संध्याकाळी मला बोलावलं. वाटलं होतं, गिऱ्हाईक दुखावलं म्हणून बोलतील. ते म्हणाले, "तुम्ही माझ्या ओट्यावर बसून अक्षरं फुकट वाटलीत. माझा हिस्सा बुडवलात. उद्यापासून येऊ नका." बायकांची नावं रोज बुडत होती तेव्हा या माणसाला बुडणं दिसलं नव्हतं.

घरी सांगितलं. सुलभा एवढंच म्हणाली, "ठोके मारताना घरातल्या पोराचा विचार केला होतात?"  दहाएक दिवसांनी तिने तांदळाच्या डब्यातली चिंधी सोडून माझ्यापुढे ठेवली. इस्लामपूरला तिचा मामा होता, तिथल्या बाजारात बसायला जागा मिळेल असं त्याने कळवलं होतं. माझ्या नकळत तिने पत्र घालून विचारलं होतं. एसटीचं भाडं, खोलीचं आगाऊ भाडं, नवी छिन्नी, सगळं त्या चिंधीत बसलं. चिंधीवर कुणाचंच नाव नव्हतं. आमच्या घरातल्या पुढच्या प्रत्येक भांड्यावर मी तिचं माहेरचं नाव घातलं, पुरं.

इस्लामपूरच्या बाजारात बसू लागलो आणि एका बाजाराच्या दिवशी समोर मालन उभी राहिली. कडेवर ती कळशी. भगवानने सगळी भांडी पोत्यात भरून एसटीच्या टपावर टाकली होती आणि कारखान्याच्या फाटकावर भावाला द्या म्हणून निरोप धाडला होता. भांडी मिळाली होती. चूल मांडली होती. मुलगी शाळेत जात होती.

मी खरं सांगतो, मी शाबासकीच्या तयारीत होतो. माझी ओट्यावरची बैठक गेली होती या कामापायी. शेजारच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. मी म्हणालो, "वाचलंत का?"

"सवडीनं वाचलं," ती म्हणाली. ती तिसरीपर्यंत शिकलेली. कळशी माझ्यासमोर ठेवून तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत पुन्हा वाचायला लागली. भावजय. तारा. हिजकडून. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं.

"दादा, ही भेट मी कवा दिली?"

मी म्हणालो, भांड्यावर तसंच लिहायची रीत असते. त्यामुळेच तर तो फसला, त्यामुळेच भांडी परत आली.

"ते खरं. तुमचं उपकार हायतीच." तिचं बोट तिथून हलेना. "पर मी दिली न्हवती. त्यानं हिसकून घेतली हुती. तसं का न्हाई घातलं?"

 मी कसनुसा हसून म्हणालो, "अक्षरं वाढली असती."

"वाढू द्यायची," ती म्हणाली. "पैसं मी दिलं असतं."